मी घाटावर घसरलो नव्हतो

मी विटांच्या ढिगावर उताणा पडलो होतो आणि ठेकेदार माझ्या अंगावर बादलीनं पाणी ओतत होता. मला वाटलं, शुद्धीवर आणतोय. म्हटलं, बरा माणूस आहे. कसला बरा! डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं त्यानं मला. थंडीचे दिवस. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला.

काशीत रामघाटाजवळ यात्रेकरूंसाठी लॉज बांधत होते. तिसऱ्या मजल्याला बाहेरून गिलावा चालला होता. परांचीची दोरी कुजलीय, हे मी दोनदा सांगितलं होतं. ती तुटली.

मालक पिढ्यान्‌पिढ्या काशीतले, पण घरात मराठी. मला नांदेडकडून कामाला बोलावलं तेव्हा म्हणाले होते, "मालक नको, काका म्हण. आपली माणसं आपण." आता तेच काका कानाशी वाकून म्हणाले, "घाटावर आंघोळीला गेलास आणि घसरलास, असं सांग. पोलिसांचं लचांड नको."

काशीत रोज कोणी ना कोणी घसरतं. कोण विचारतंय? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण तोंडातून कण्हण्याशिवाय काही निघेना. माझी बायको सखू तिथंच माल कालवायची. तिला दटावलं, "तूही हेच सांगायचं. नाहीतर तुमचं तुम्ही बघा."

दवाखान्यात डॉक्टरनं कागद पुढं ओढला. "कैसे गिरे?"

"घाट पे फिसल गया, साहब. नहाने गया था." ठेकेदार बोलून मोकळा.

डॉक्टर लिहायला लागला. सखू माझ्याकडं बघत होती, हाताला अजून सिमेंट. आता गप्प बसलो तर जन्मभर गप्पच बसावं लागेल, एवढं मला कळलं.

मी खिशात हात घातला. ओळंबा लागला. भिंत सरळ आहे का बघायचं आमचं दोरीचं वजन. मला भिजवलं, पण खिसा बघायचं राहून गेलं होतं त्यांचं. मी तो कागदावर आदळला.

"साहब, ये लेके कौन नहाता है? पाड़ से गिरा हूँ. तीसरी मंजिल से." परांचीला इकडं पाड़ म्हणतात.

डॉक्टरनं आधीचं खोडलं आणि खरं लिहिलं.

त्यावरून पोलिसांनी माझा जबाब घेतला. पाय वाकडाच जुळला. परवा मालक खोलीवर आले. "अरे, झालं गेलं गंगेला मिळालं. काका म्हणून सांगतो, जबाब बदल."

"नाही मिळालं, मालक. मी गंगेवर गेलोच नव्हतो."

लॉजला आता चौथ्या मजल्याची परांची बांधलीय. दोऱ्या त्याच. सखू आणि मी रोज सकाळी तिथं जातो. चढणाऱ्या प्रत्येकाला दोरी दाखवतो. ठेकेदार हाकलतो. आम्ही परत जातो. उद्याही जाणार.