कॉलेज कुठलं?

जाहिरात मोबाइलवर आली तेव्हा माझी धाकटी बहीण वलांडीच्या बांबूंवर वाळत टांगलेले बोंबील राखत बसली होती. काठी मांडीवर, नजर कावळ्यांवर. तिने जाहिरात वाचली, पुन्हा वाचली आणि काठी तिथेच टाकून घरात आली. खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला मासळी परदेशी पाठवणारा एक कारखाना आहे. तिथे मासळीचा दर्जा तपासायला तीन पदवीधर हवे होते, आणि रसायनशास्त्र चालणार होतं. बहीण रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन वर्षभर घरी होती. फेरीबोटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी तिच्या विषयाची नोकरी आमच्या कोळीवाड्यात कुणी ऐकली नव्हती.

"ताई, हे माझंच काम आहे," ती म्हणाली. तिला काहीतरी इतकं हवं असलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

जाहिरातीच्या शेवटी एक ओळ होती: नामांकित संस्थांतील पदवीधरांना प्राधान्य.

ती ओळ तिने वाचली आणि सोडून दिली. मला सोडवेना. वर्षभर मी तिचे फोन ऐकले होते. ती विषय सांगायची, मार्क सांगायची, पहिला वर्ग सांगायची. मग पलीकडून विचारायचे, कॉलेज कुठलं? ती तालुक्याच्या कॉलेजचं नाव सांगायची. पलीकडे थोडं थांबून म्हणायचे, कळवतो. त्या कॉलेजात चार मुलींत एक ब्युरेट, द्रावण मोजायची काचेची नळी, होतं हे खरं आहे. पण ही मुलगी शेवटच्या एसटीपर्यंत थांबून, शिपायाच्या हातापाया पडून, ते एक ब्युरेट एकटीने वापरायची हेही तितकंच खरं आहे, आणि ते विचारायला कुणाकडेच वेळ नव्हता.

बाबा मच्छीमारांच्या संघटनेची पत्रकं लिहितात. बाराखडी गिरवायच्या आधी मी 'जाहीर आवाहन' हे दोन शब्द ओळखायला लागले होते. अन्याय दिसला की आमच्या घरात आधी कागद शोधतात आणि मग चपला. बाबा त्या आठवड्यात बोटीवर होते, म्हणून मसुदा मी केला. एका बैठकीत, न खोडता. आजही त्यातली सुरुवात मला आवडते: 'पदवीच्या कागदावर विद्यापीठ एकच, शिक्का एकच, कुलगुरूंची सही एकच. मग शहरातल्या कॉलेजची मुलगी नामांकित आणि तालुक्याच्या कॉलेजची मुलगी बेनाम कशी?' पुढे मी लिहिलं होतं: 'आमच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो तेव्हा होडीचं नाव कुणी विचारत नाही. माशाचा कल्ला उघडून बघतात. नोकरी देणाऱ्यांनी एवढं तरी आमच्याकडून शिकावं.'

दोनशे प्रती काढून आणल्या आणि मग आईला पत्रक वाचून दाखवलं. इथे माझं चुकलं. छापायच्या आधी वाचून दाखवायला हवं होतं. आई तीस वर्षं रोज लिलावात मासळी घेऊन बाजारात विकते. ती कोयती खाली ठेवून हसायला लागली.

"हे कुनी सांगितलं तुला?"

"काय?"

"नाव बघत न्हाय म्हनून. पयलं नावच बघतात गो. ज्या होडीचा तांडेल बर्फ नीट मारतो, तिची मासळीची पाटी झाकलेली असली तरी बोली चढते. नव्या होडीला पाटी उघडून दाखवावी लागते, खालचा मासा वर करून. तू कधी उभी रायलीस लिलावाला? तू न् तुझा बाप, दोघं कागदात."

"म्हणजे हा अन्याय नाही?"

"अन्याय हाय. म्हनून खोटं छापायचं व्हय?"

मी गठ्ठा पिशवीत भरला. दोनशे प्रती कोण फाडणार?

मुलाखतीच्या दिवशी आम्ही आगरदांड्याहून सकाळची फेरीबोट धरली. बहिणीने पिशवी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, नोकरी माझी आहे. आंदोलन तुझं आहे. दोन्ही एका दिवशी नको."

"मी काही बोलणार नाही."

"वाटणार पण नाहीस."

तोवर मी तीन वाटल्या होत्या. एक प्रत बोटीच्या कठड्याला टेकलेल्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या मुलाच्या हातात होती आणि तो ती चक्क मोठ्याने वाचत होता. बहिणीने डोळे मिटून घेतले. तो मुलगा पेणकडच्या आगरी घरातला होता. आजोबा मिठागरात राबले, वडील ट्रकच्या धंद्यात आले आणि मुलगा मुंबईच्या ज्या कॉलेजात शिकला त्याचं नाव ऐकून आमच्या शेजारणीसुद्धा मान हलवतात. तोही मुलाखतीलाच निघाला होता.

"पत्रक माझ्याच विरोधात आहे वाटतं," तो म्हणाला. "पण झकास आहे."

"तुमच्या विरोधात नाही, तुमच्या कॉलेजच्या," मी म्हणाले.

"ताई, त्या कॉलेजच्या नावावर मला आजवर तीन ठिकाणी बोलावलं. तिन्हीकडून परत पाठवलं. नाव कॉलेजचं, तोंड माझंच." मग बहिणीकडे वळून म्हणाला, "तुम्ही कोळ्यांच्या ना? मला मासा फक्त तळलेला ओळखता येतो. आज वाट लागणार माझी."

बहीण हसली. सकाळपासून पहिल्यांदा. दिघीला उतरेपर्यंत तिने त्याला ताज्या माशाचा डोळा कसा फुगीर असतो, शिळ्याचा कसा खोल जातो, ते सगळं सांगून टाकलं. मी तिला कोपराने ढोसत होते. पाटी आत्ताच कशाला उघडतेस, असं मला म्हणायचं होतं.

कारखान्यात बाहेरच्यांना सोडत नाहीत. म्हणून फाटकाजवळच्या कॅन्टीनच्या पडवीत टेबलं मांडली होती. टेबलावर बर्फात ठेवलेल्या पापलेटांचे सहा ट्रे. अकरा उमेदवार आणि त्यांच्यासोबत आलेले आमच्यासारखे चार-पाच. ऑफिसातल्या एका बाईंनी दोन याद्या वाचल्या. पहिल्या यादीत पाच नावं, सगळी मुंबई-पुण्याच्या कॉलेजांची. त्यांची चाचणी आत्ता. दुसऱ्या यादीतल्या सहा जणांनी जेवणानंतर यायचं, "जागा उरल्या तर." बहीण दुसऱ्या यादीत होती.

माझा हात पिशवीत गेला. बहिणीने माझं मनगट धरलं, चांगलं दाबून. पण तेवढ्यात दर्जा विभागाचे मुख्य साहेब बाहेर आले. पन्नाशी ओलांडलेले, पांढरी टोपी, पायात गमबूट. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून डोकावणारा कागद त्यांनी पाहिला आणि मागून घेतला. उभ्याउभ्या संपूर्ण वाचला.

"हे कुणी लिहिलंय?"

त्या क्षणी माझ्या बहिणीची नोकरी माझ्या जिभेवर होती. गप्प बसले असते तर तो मुलगा अडकला असता.

"मी. मी उमेदवार नाही. सोबत आलेय."

"कुठल्या तुम्ही?"

मी गाव सांगितलं.

"मी श्रीवर्धनचा. लिलावात होडीचं नाव बघत नाहीत, हे कुठे पाहिलंत?"

माझे कान तापले. इतकं कडक लिहिलेलं पत्रक आणि त्यातली हीच ओळ त्यांना सापडावी. मी तोंड उघडलं, पण बोलली बहीण. ती कधी उठून उभी राहिली ते मला कळलंच नाही.

"आईपण हेच म्हणाली, सर. नाव बघतात. पण लिलाव सगळ्यांचा एकाच वेळी होतो. नावाच्या होड्यांचा सकाळी आणि बाकीच्यांचा जेवणानंतर, असं कुठेच होत नाही. सगळ्या पाट्या एकाच वाळूवर, एकाच उन्हात असतात. आमच्या वेळेपर्यंत हा बर्फ वितळेल. पाच जणांचे हात लागलेले असतील. मग सहाही ट्रे शिळेच दिसतील. तुम्ही मासा तपासायला लावणार की नशीब?"

ती ही सगळी वाक्यं एका श्वासात बोलली. मी आयुष्यभर पत्रकं वाचली, लिहिली, पण असा मुद्दा मला सुचला नव्हता.

ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "यादी वरून आलीय." साहेबांनी एका ट्रेमध्ये बोट घालून बर्फ पाहिला. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट म्हणाला, "सर, आम्हाला चालेल सगळ्यांची एकदम घेतलीत तर." त्याच्या यादीतल्या एकीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कॉलर सारखी केली.

"अकरा जण टेबलाभोवती या," साहेब म्हणाले. "हातमोजे, टोपी घाला. पडवी आहे हे विसरा. आत आहात असं समजा. कागदावर नाव नको, कॉलेज नको, नंबर टाका."

मला ओरडावंसं वाटत होतं. मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले.

बहीण सात नंबर. तिचं पहिल्या तीन ट्रेंचं काम झरझर झालं. डोळा, कल्ला, वास, आणि अंगठ्याने दाबून पाहणं. चौथ्या ट्रेपाशी ती थांबली. त्यातल्या पापलेटांचे कल्ले लालभडक होते, बर्फ भरपूर होता. आधीच्या सगळ्यांनी तो पास केला असावा, कारण कुणी तिथे थांबलं नव्हतं. तिने अंगठा दाबला. पुन्हा दाबला. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर तिने उजव्या हातातला मोजा काढला आणि उघड्या अंगठ्याने मासा दाबून पाहिला.

आमच्याकडे दुसरं कुणी काय करेल? आई तर मोजा घातलेल्या बाईकडून मासळीच घेणार नाही. पण साहेब लगेच तिच्याजवळ आले.

"सात नंबर, काय केलंत?"

तिने हाताकडे पाहिलं. पांढरी पडली.

"मोजा काढला, सर."

"का?"

"मोज्यातून बोट आंधळं होतं. हा मासा वरून चांगला आहे. कल्ल्याला काहीतरी लावलंय. पण दाबलं की खळगा भरून येत नाही. मला खात्री करायची होती."

"खात्री झाली?"

"झाली. शिळा आहे."

"बरोबर आहे. आणि आता हा आख्खा ट्रे टाकून द्यावा लागेल, तुमच्या हातामुळे. आत असता तर पूर्ण खेप गेली असती. परदेशात कुणी विचारत नाही की तुमचं बोट किती हुशार आहे." त्यांनी ट्रे उचलायला सांगितला. "दाबल्यावर खळगा डोळ्यांनी पण दिसतो. तेवढा वेळ थांबून बघायचं."

परतीच्या बोटीत ती कठड्याकडे तोंड करून उभी होती. मी तिला समजावत होते की तोवर तो ट्रे बघितलेल्यांत शिळा मासा ओळखणारी ती एकटीच होती. "मोजा काढणारी पण मी एकटी," ती म्हणाली. इस्त्रीच्या शर्टाने चौथा ट्रे उत्तम म्हणून लिहिला होता. त्याने ते स्वतःच सांगितलं, आमच्यासोबत भेळ खाल्ली आणि बहिणीचा फोन नंबर घेतला.

दोन दिवसांनी, दुपारच्या जेवणाच्या वेळी फोन आला. बहीण उष्ट्या हाताने उठली. आम्ही घास थांबवून तिच्याकडे बघत होतो.

"हो सर... हो... नाही काढणार... हो."

तिने फोन ठेवला. "घेतलं," ती म्हणाली. "तीन महिने कच्च्यावर, जमलं तर पक्की. मोजा काढला तर त्या दिवशी घरी."

मी ताट ओलांडून तिला मिठी मारली. भाताचा हात तिच्या पाठीला पुसला गेला. आई म्हणत होती, "अगो, जेवन सांडल," आणि स्वतःच डोळे पुसत होती.

थोड्या वेळाने त्या मुलाचाही फोन आला. तोही लागला होता. पण कच्च्यावर नाही, सरळ पक्का. ते सांगताना तो इतका ओशाळला होता की मला त्याच्यावर रागावता येईना. राग मात्र आला. शिळा मासा उत्तम ठरवणारा पक्का आणि शिळा ओळखणारी कच्ची. मोजा काढला हे खरं, पण त्याच्या चुकीची शिक्षा कुठे होती? कॉलेजच्या नावाने काय होतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं. नावाने मासा ओळखता येत नाही. पण नाव असलं की नंबर आधी लागतो आणि चूक पोटात घातली जाते. नाव नसलं की तुमचं बरोबर असलेलंही तीन महिने तपासून बघतात. हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. मी तिथल्या तिथे नवा मसुदा सांगायला सुरुवात केली.

"ताई, थांब," बहीण म्हणाली. "तीन महिन्यांनी लिही. तेव्हा मी आतून सांगेन, आणखी काय काय लिहायचं ते."

मला हे इतकं पटलं की मी हसायलाच लागले. आतलं माणूस. बाबांच्या संघटनेला एवढ्या वर्षांत ते मिळालं नव्हतं.

आई तोवर डबा शोधायला लागली होती. स्टीलचा, दोन कप्प्यांचा. तो सापडल्यावर तिने झाकण लावून पाहिलं, घट्ट बसतंय का ते. मग तिने मला विचारलं, सोमवारी पहिली फेरीबोट किती वाजता सुटते. मला ठाऊक नव्हतं. मी हात धुतला आणि विचारून यायला निघाले.