मांजरपाटावरची पेशी

पडदा वर जातो तेव्हा भर दुपार आहे. पैठण गेटजवळच्या एका पत्र्याच्या शेडची दारं-खिडक्या गच्च बंद आहेत. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत पेट्रोमॅक्सची बत्ती सूंऽऽ करत जळतेय. भिंतीवर दोन पुरुष उंचीचं मांजरपाटाचं कापड ताणलेलं आहे. त्याच्यापुढे स्टुलावर एक उघडाबंब माणूस उभा आहे. घामानं निथळतोय, गालात पान आहे, हातात रुंद ब्रश. तो माणसाच्या शरीरातली एक पेशी रंगवतोय, आणि पेशी त्यानं जन्मात पाहिलेली नाही.

हा आमच्या नाटक कंपनीचा पडदे रंगवणारा बद्रीनाथ. मूळचा फुलंब्रीचा, घरची शेती. खुलताबादच्या उरुसात आमचा तंबू पडला होता, तेव्हा हा पोरसवदा गडी खेळ बघायला आला आणि खेळ सोडून मागचा पडदाच बघत बसला. सकाळी पडदे रंगवणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या उस्तादांच्या पायाशी रंगात घालायचा सरस उकळायला बसलेला दिसला. तो परत घरी गेलाच नाही. पुढे त्यानं रंगवलेल्या दरबारात मी कितीतरी वर्षं राजा झालो. माझ्या भाषणाला टाळी पडायच्या आधी त्याच्या खांबांना पडायची, हे मी आनंदानं सांगतो.

पोलीस ॲक्शननंतर दहा-बारा वर्षांत गावोगाव सिनेमाचे तंबू आले आणि आमची कंपनी बसली. मी एका दुकानात चिकटलो. बद्रीभाऊला मात्र कुणी काम देईना. पन्नाशी उलटलेली, हातात दुसरा धंदा नाही. थोरला भाऊ कडूबा गावाहून निरोपावर निरोप धाडत होता, की आता कुंचले ठेव आणि शेताच्या राखणीला ये. शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत रंगाचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर बिऱ्हाड फुलंब्रीला. बायको सरूबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना रानात बसवलं तर माणूस जगंल, पन बोलायचा न्हाई."

तेवढ्यात मधुसूदनराव भेटले. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, आमच्या नाटकांचे जुने चाहते. वर्ग भरगच्च आणि सूक्ष्मदर्शक एकच. मागच्या बाकावरच्या मुलाला वर्षाअखेरीसुद्धा पेशी दिसायची नाही. त्यांना पेशीचं भलंमोठं चित्र हवं होतं. मी बद्रीभाऊचं नाव सांगितलं.

मधुसूदनरावांनी परदेशी पुस्तकातला तळहाताएवढा काळा-पांढरा फोटो दाखवला आणि समजावून सांगितलं. भोवती पातळ पटल, आत काय येऊ द्यायचं आणि बाहेर काय जाऊ द्यायचं हे बघणारं. आत दाटसर पेशीद्रव. त्यात केंद्रक, जिथं शरीर घडवायच्या सगळ्या सूचना जपलेल्या असतात. लांबट दाण्यांसारख्या तंतुकणिका, अन्नातून कामाचं बळ काढणाऱ्या. घड्या घातलेल्या पडद्यांवर चिकटलेले बारीक कण, प्रथिनं तयार करणारे.

बद्रीभाऊनं मान डोलावली. "म्हंजी कंपनीच की, सर. ह्यो दारावरचा गडी, ह्यो मालक, ह्यो भटारखाना. रंग कंचे?"

रंग मुळात नसतातच, ओळखायला सोपे जातील ते द्या, असं मधुसूदनराव म्हणाले. तिथंच घात झाला.

पडदेवाल्यांची एक रीत असते. पडदा ज्या उजेडात दिसणार, त्याच उजेडात रंगवायचा. बत्तीच्या पिवळ्या प्रकाशात पिवळा रंग पांढऱ्यात विरून जातो आणि निळा मळकट दिसतो; म्हणून पिवळा थापायचा, निळा ओतायचा. बद्रीभाऊनं सवयीनं दारं लावून बत्ती पेटवली. कॉलेजचे वर्ग दिवसा भरतात, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. शिवाय रिकामी जागा सोडणं त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं. पेशीद्रवात त्यानं लाटा काढल्या, लाटांवर फेस काढला, वाटोळ्या केंद्रकाला डावीकडून उजेड आणि उजवीकडून सावली दिली.

कापड वर्गात टांगलं. खिडक्यांतून सकाळचं ऊन आत आलं. पटल हळदीसारखं पिवळंजर्द, द्रव नीळ सांडल्यासारखा. मागून एक पोरगा म्हणाला, "चंद्र उगवला," आणि सगळा वर्ग हसला. प्राचार्य अनंतराव दारात उभे होते. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला धार होती. "मधुसूदन, यात राक्षस कधी प्रवेश करतो?" एवढं विचारून त्यांनी मुंबईहून छापील तक्ते मागवायला सांगितलं.

बद्रीभाऊनं कापड गुंडाळलं आणि खांद्यावर घेतलं. जिन्यात मला म्हणाला, दादाला निरोप धाडा, येतो म्हणून.

मधुसूदनराव मागून धावत आले. त्यांनी त्याला प्रयोगशाळेत नेलं, पान थुंकून चूळ भरायला लावली आणि काडीच्या बोथट टोकानं गालाची आतली बाजू हलकेच खरवडून घेतली. ते काचेवर पसरलं, निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि त्याला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

"काळी झाडं दिसत्यात," बद्रीभाऊ म्हणाला.

"त्या तुमच्याच पापण्या. डोळा जरा मागं घ्या."

त्यानं डोळा मागं घेतला आणि तसाच वाकून राहिला. मला वाटलं, झोपला की काय.

"सर, ह्ये तर लई मोकळं हाय. एक ठिपका, भवताली कायबी नाय."

मधुसूदनरावांनी शांतपणे सांगितलं, की तो ठिपका केंद्रक. भोवतालचं मोकळं दिसतं ते मोकळं नाही. सगळं काम तिथंच चालतं, फक्त या काचेतून दिसत नाही. तुम्ही ते लाटांनी बुजवलंत. आणि या पेशी जुन्या होऊन झडतात, खालून नव्या वर येतात. गालाचं हे अस्तर काही दिवसांत नवं होतं.

"माझ्याबी गालात? या वयात?"

"शेवटच्या दिवसापर्यंत."

बद्रीभाऊनं पुन्हा डोळा लावला. नंतर त्यानं एकच मागणं केलं: छापील तक्ते मागवायच्या आधी एक संधी. मधुसूदनराव अनंतरावांकडे गेले. तक्ते येईपर्यंत काय करायचं ते करा, असं उत्तर आलं.

सरसाचे रंग पाण्यानं निघतात. सरूबाई आणि बद्रीभाऊनं ते कापड खाम नदीवर नेऊन धुतलं. नदीला निळा-पिवळा ओघळ लागला. मग शेडची दारं सताड उघडी ठेवून त्यानं पुन्हा सुरुवात केली. फिक्कट रंग. एकसारखा उजेड, सावली नाही. सगळ्यात कष्ट पडले ते हात आवरायचे. मोकळ्या जागेवर ब्रश न्यायचा, थांबायचा आणि मागं घ्यायचा. "राजाचं भाषण गिळल्यावानी वाटतंय," मला म्हणाला. ते दुःख मला चांगलं कळलं.

दुसऱ्यांदा कापड टांगलं तेव्हा कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या मुलानं तंतुकणिका कुठली ते बसल्या जागेवरून बोट दाखवून सांगितलं. अनंतराव वर्गाच्या टोकापर्यंत चालत गेले, तिथून पाहिलं आणि मधुसूदनरावांना विचारलं, "रक्ताच्या पेशीही हाच काढेल का?"

रक्ताची तांबडी पेशी ऐकून बद्रीभाऊ चक्रावला. तिला केंद्रकच नसतं, प्राणवायू वाहायला जास्त जागा व्हावी म्हणून ती घडताना तेही टाकून देते, हे त्याला पटायला दोन चहा लागले. पण काम सुरू झालं.

दिवाळीच्या तोंडावर कडूबा भावाला न्यायला बैलगाडी घेऊन आला. शेडमधलं कापड बघून म्हणाला, "ह्ये काय, भाकरी थापल्यात व्हय रे? बामनाच्या पोरांना ह्येच शिकिवतो?" मग तो बराच वेळ त्या तांबड्या चकत्यांपुढे उभा राहिला. आपल्या अंगात हे आहे का, असं त्यानं हळूच विचारलं. आहे म्हटल्यावर हाताची शीर चाचपून पाहिली. तरी हट्ट सोडेना. सामान बांध, गाडी रिकामी नेणार नाही, म्हणाला.

बद्रीभाऊनं ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळू दिला आणि मान न वळवता बोलला, "सणाला येतो ना, दादा. वहिनीला म्हणावं, करंज्या जास्ती कर. पन ऱ्हायाचं काढू नगंस. ह्या झाल्या की मेंदूचा निरोप पोचिवणारी मज्जापेशी काढायचीय, तिला ह्ये लांब शेपूट असतंय म्हनं, अन् पोरं वाट बघत्यात."