आत्याची भाकरी खाऊन गेलेला साहेब

आत्या गेली त्याला आज वर्ष झालं, आणि मी सूड घेऊन आलेय.

हो, सूडच. ‘जाऊ दे गं’ म्हणणाऱ्यांनी पुढे वाचू नका.

माझी शेवंताआत्या कळव्याची. दर रविवारी आम्हा भाचरांना खाडीकाठच्या पार्कात न्यायची. तिवरांमधून फळ्यांची वाट, डब्यात तांदळाची भाकरी नि सुकट.
फळ्यांवरून उतरलं की चिखल. माझी एक चप्पल अजून त्यातच आहे. आत्या हसून हसून बेजार झालेली.

तिचा नियम एकच.
"घरट्याची जागा कोनाला सांगाची नाय. सख्ख्या भावाला पन नाय."

एकदाच मोडला.

गळ्यात ही भलीमोठी लेन्स घेऊन एक साहेब आला. पहिल्याच भेटीत ‘आत्या, आत्या’. शेजारी बसून तिची भाकरी खाल्ली.
ही विरघळली. नाचण पक्ष्याचं घरटं दाखवलं त्याला. आत पिल्लं होती.

दुसऱ्या दिवशी गेलो तर घरट्यावरच्या सगळ्या फांद्या छाटलेल्या. फोटो क्लिअर यावा म्हणून!
उघड्यावर पडलेली पिल्लं कावळ्यांनी नेली.
साहेबाला त्याच फोटोवर बक्षीस मिळालं.

आत्याने माझ्या मोबाइलवरून त्याला फोन केला तर म्हणे, "अहो मावशी, नेचर आहे, चालायचंच."
काम झाल्यावर आत्याची मावशी झाली होती.

"माज्या पनज्याच्या टायमाला रेल्वे नवीन होती, तवा गोरे साहेब बंदूक घेऊन खाडीवर यायचे," आत्या म्हणाली. "ते बरे. आपली भाकरी खाऊन तरी नाय मारायचे."

ती पुन्हा पार्कात गेली नाही. शेवटपर्यंत एकच, "मीच दाखवलं गो."

गेल्या आठवड्यात साहेबाचा मला मेसेज. ‘आत्यांची खूप आठवण येते 🙏 यंदा नाचण कुठे आहे?’

मेल्याला लाज नाही.

सांगितलं ना मी. गोड बोलून सांगितलं. "सर, फळ्यांवरून उतरा, सरळ समोर."
तिथे ‘उतरू नये’ असा मोठा बोर्ड आहे. पण बोर्ड तुमच्याआमच्यासाठी, साहेबासाठी थोडाच!

आज सकाळी उतरला आणि गेला मांडीपर्यंत. लेन्स चिखलात. गार्डदादांनी बांबू देऊन ओढून काढला, एक बूट आतच राहिला.

मी वर बसून भाकरी खात होते.
"मॅडम, इथे घरटं नाहीच आहे!"
"नेचर आहे सर, चालायचंच."

आत्या, त्याचा बूट माझ्या चपलेशेजारी पोचला बघ.

आणि नाचण यंदा कुठे बसलीये, ते मला माहितीये.
कोनाला सांगनार नाय.

झोप आता निवांत.