हिंगवाल्या काकांचा हात

आमच्या काकांनी ज्या दाराची कडी लावली, ते दार दिवसभर हिंगाचं. हिंगाच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. झाडाचा तो चिकट, उग्र चीक, त्यात पीठ आणि डिंक घालून मळायचा, सुकवायचा, कुटायचा. मग चिमूटभर गरम तेलात टाकून माल पास की नापास, ते नाकानेच ठरवायचं. 'आधी तेल तापू दे, मग हिंग, आणि जास्त नको, कडू होतं,' हे त्यांनी काकूला लग्नाच्या वर्षी सांगितलं. अजूनही सांगतात.

सुनेला दिवस गेले आणि तिला तो वास सोसेना. हिंगाची डबी शेजारी गेली. नात झाली, पण डबी परत आली नाही. आणि सूनबाईंचं एकच पालुपद, "बाबा, वास गेल्याशिवाय बाळाला घेऊ नका हं." बिचारे काका कारखान्यातून आले की मोरीत उभे राहून लिंबू चोळायचे, राख चोळायचे, साबणाचा फडशा पाडायचे. वास हटेना. नातीला उंबऱ्यावरूनच टाळ्या वाजवून दाखवायचे. मला फार वाईट वाटायचं.

"कारखान्यात सगळे मान देतात," ते म्हणायचे. "घरात मात्र कुणी हिंग लावून विचारत नाही!"

"आणखी कुठे लावायचा?" काकू म्हणायची.

एका संध्याकाळी नात रडून रडून लालबुंद झाली. पाय पोटाशी घेत होती. डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं नाही, गॅस झालाय म्हणाले. सून तिला घेऊन मोरीच्या दाराशी आली.

"बाबा, बेंबीभोवती हिंग लावून बघायचा का? पण डबी शेजारी, आणि त्यांच्या दाराला तर कुलूप."

काकांच्या हातात लिंबाची फोड होती. त्यांनी घाईघाईने तळवा हुंगला. चेहरा खुलला.

"आहे! बक्कळ आहे!"

कोमट पाण्यात हात बुडवून त्यांनी त्या एवढ्याशा पोटावर हलकेच गोल फिरवला. पहिल्यांदाच नात त्यांच्या मांडीवर होती. थोड्या वेळाने बाईसाहेबांनी असा काही दणदणीत आवाज काढला की सून खुदकन हसली. रडणं थांबलं. काकांचं बोट मुठीत धरून नात झोपली.

काका उठायला लागले. "हात धुऊन येतो."

"धुऊ नका, बाबा," सून म्हणाली. "उद्याही असेच या."

काकांनी मान वळवून स्वयंपाकघरातल्या काकूकडे पाहिलं आणि नात जागी होऊ नये म्हणून कुजबुजत म्हणाले, "अगं, ऐकलंस का? हिंग लावून विचारलं मला!"