देव्हाऱ्याशेजारचा सेनापती

पुणं सोडताना मी स्वतःला बजावलं होतं, तिथे जाऊन शहाणपण शिकवायचं नाही. आयुष्यभर चिनी भाषा शिकवल्यामुळे ती खोड अंगात मुरली आहे.

निवृत्तीनंतर मी एका चिनी सेनापतीचं चरित्र लिहायला घेतलं. शंभर वर्षांपूर्वी आपापला प्रांत गिळून बसलेल्या लष्करी सुभेदारांपैकी तो एक. पोरका, घोडेचोर, मग शिपाई, शेवटी प्रांताचा धनी. त्याने शाळा काढल्या, रस्ते बांधले, आणि कर थकला म्हणून गावंच्या गावं जाळली. त्याचा फोटो पोलादपूरच्या डोंगरात, देव्हाऱ्याशेजारी, गंधफूल वाहिलेला! महाडच्या माझ्या मैत्रिणीने, नीलाने, तो मोबाइलवर पाठवला तेव्हा माझा चहा गार झाला. ती बँकेच्या कामाला त्या घरी गेली होती. घरचे त्याला पणजोबा म्हणत होते.

महाडला नीलाकडे जेवले. वाढता वाढता ती म्हणाली, "सांभाळून सांग हं. पितृपंधरवडा चालू आहे. त्यांना पणजोबांची तिथी माहीत नाही, म्हणून दरवर्षी सर्वपित्री अमावस्येला पान वाढतात. त्या घरच्या गोविंदरावांच्या मनाला ते फार लागून राहिलंय."

पोलादपूरहून एस.टी.ने आंबेनळीच्या रस्त्याला लागले. भात पोटरीला आलं होतं. उतारावरच्या हिरवळीत दरडींचे लाल ओरखडे दिसत होते. दरडीखाली गाडलं गेलेलं तळीये इथे कोणी विसरलेलं नाही, शेजारच्या सीटवरची बाई बोलता बोलता सारखी डोंगराकडे बघत होती. पुढे रस्त्यावर दगड आले म्हणून गाडी थांबली. उरलेली वाट मी चालत गेले आणि एका वळणावर चिखलात चक्क बसले. अशा अवतारात पाहुणी म्हणून दारात उभी राहिले.

गोविंदराव साठीचे, मुंबईत गोदीत नोकरी करून गावी परतलेले. त्यांच्या पत्नीने, सुमतीबाईंनी, पाय धुवायला पाणी दिलं आणि तांदळाची भाकरी, अळूची भाजी पुढे ठेवली. जेवण होईपर्यंत फोटोचं नाव कोणी काढलं नाही.

"पणजोबा पलटणीबरोबर चीनला गेलं, घोड्यांची निगा राखाया, मोतद्दार म्हनून," गोविंदराव म्हणाले. "पलटण आली, ते नाय आले. आजा तवा तान्हा. मग यक दिवस पोस्टानं ह्यो फोटो आला. पणजी तवर गेलेली. वळखणार कोन?"

घोड्यावर बसलेला माणूस, टोपी, झुपकेदार मिशा, कपाळावर पिढ्यांच्या गंधाची पुटं. मला शंका उरली नाही. मागे काही लिहिलंय का बघू या, एवढंच मी म्हणाले.

गोविंदरावांनी स्वतः खिळे काढले. काच निघाली, काळ्या पुठ्ठ्याची रुंद चौकट निघाली, आणि तिच्याखाली झाकलेली फोटोची कडा उघडी पडली. तिथे फेटा बांधलेला एक सडपातळ माणूस घोड्याचा लगाम धरून उभा होता.

सुमतीबाई वाकून बघत राहिल्या. "अवो," त्या हळूच म्हणाल्या, "ह्ये तर तुमचंच कान हायत."

फ्रेम करणाऱ्याने फोटो साहेबाचा समजून नोकराला पुठ्ठ्याखाली घातलं होतं. इतकी वर्षं पान पणजोबांच्या नावाने वाढलं जात होतं आणि गंध सेनापतीला लागत होतं.

मागचं अक्षर मी ओळखलं. मोठेपणी लिहायला शिकलेल्या माणसाचं, सेनापतीचं स्वतःचं. मी वाचून दाखवलं, "नदी ओलांडताना माझा घोडा वाचवला, स्वतः बुडाला. देह सापडला, त्याच्या देशाच्या रीतीप्रमाणे अग्नी दिला. आठवा महिना, दहावा दिवस. घरी कळवा."

"त्यांचं जुनं पंचांगही चंद्राचंच," मी सांगितलं. "अवसेपासून मोजतात. दहावा दिवस म्हणजे दशमी. पक्ष कुठला का असेना, पंधरवड्यात तीच तिथी धरायची."

गोविंदरावांनी ती ओळ बोटाने चाचपली. "अग्नी भेटला," ते म्हणाले. "दशमी... म्हंजी परवा." आणि लहान मुलासारखे रडले. मलाही आवरलं नाही.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आनि ह्यो घोड्यावरचा?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. जाळलेली गावं सांगितली. त्याला त्याच्याच माणसांनी मारलं, पुतळा फोडला, पोरांनी आडनाव टाकलं, तेही सांगितलं. गोविंदरावांचा चेहरा उतरला. "मग आमी कुनाला पुजलं, बाई?"

सुमतीबाईंनी फोटो पदराने पुसला. "त्याचं तिकडं पान वाढनारं कोन हाय का?"

"कोणी नाही."

"मग दशमीला आपल्या मानसाचा म्हाळ घालू, त्याचं पान वाढू," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अवसेचं पान ह्याचं ऱ्हाऊ दे. यवढी वर्सं आपल्या घरी जेवला, आता उपाशी उठवायचा व्हय?"

 गोविंदरावांनी खिळे गोळा केले आणि पुठ्ठ्याशिवायच फोटो फ्रेममध्ये बसवला.

परतीच्या वाटेवर मी माझं पुस्तक मनात चाळत होते. त्या माणसाला मी अजूनही माफ करणार नाही. पण सर्वपित्रीच्या दुपारी, पुण्यात, मी शेवटचं प्रकरण उघडलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, त्याच्यासाठी घास काढून ठेवणारं कुणीही उरलं नाही. ते वाक्य मी खोडलं.