वाघाच्या पोटावरचं लग्न

माझा धाकटा भाऊ नितीन चांगली नोकरी सोडून भिंती विकायला निघाला, तेव्हा घरादाराने कपाळाला हात लावला. भिंती म्हणजे रस्त्यावरच्या भिंतींवरची चित्रं. काल-परवापर्यंत ज्यांना टेकून लोक स्कूटर लावायचे, ती चित्रं आता प्लास्टरसकट कापून मुंबईत लिलावाला जातात म्हणे. त्याचं मानसीशी लग्न ठरलेलं, पण तिचे बाबा अडून बसले होते. "आधी एक तरी भिंत विकून दाखवा, मग तारीख काढू." अशात नितीनला खबर लागली की टोपणनावाने चित्रं काढणाऱ्या आणि सध्या भाव गगनाला भिडलेल्या एका चित्रकाराने अहेरीजवळच्या गावात कधीकाळी एक वाघ रंगवलाय. मुंबईचं गिऱ्हाईकही तयार होतं. मी म्हटलं, मीपण येते. असा तमाशा कोण सोडतं?

नागपूरहून सकाळी निघालो. वरोरा, भद्रावती, मग माजरीकडून येणारे कोळशाचे ट्रक. काचा बंद ठेवा, नाहीतर चंद्रपूरला पोचेस्तोवर तुम्ही ओळखू येणार नाही. जटपुरा गेटजवळ तर्री-पोहे खाल्ले. नितीन घाम पुसत म्हणाला की हे चहासकट शंभरात बसतं, मग मुंबईत लोक काय खातात कोण जाणे. मुक्काम तिथेच केला. खोली हजाराच्या आसपास मिळते, गरम पाणी मागितलं तरच मिळतं. पेट्रोल मात्र इथेच भरून घ्या.

दुसऱ्या दिवशी गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. आष्टीनंतर रस्त्यापेक्षा खड्डेच जास्त भेटले. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल इतकं देखणं की खड्ड्यांना शिव्या घालायचं विसरायला होतं. मी विसरले नाही.

गावात वाघ लगेच सापडला. खुर्चीत ऐसपैस बसून कपबशीतून चहा पिणारा, चष्मा लावलेला वाघ. डोकं झकास, शेपटी झकास. आणि मध्ये, पोटावर पांढरा चौकोन मारून, लाल-निळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: "मंगल परिणय. प्रणाली संग निखिल."

नितीन नखाने तो पांढरा रंग खरवडून बघायला लागला.

आमच्या विदर्भात घरी लग्न असलं की दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवतात. पत्रिका हरवते, भिंत कुठे जाते? घरच्या गोदावरीबाई बाहेर आल्या. मी विचारलं, "बाई, वाघाच्या पोटावरच का?"

"तेवढीच जागा रिकामी होती न बाई. पेंटर म्हने, तोंडावर लिहू का? म्या म्हटलं, नोको, पावने येतीन तं त्याहिले वाघ दिसू दे."

नितीनने रडवेल्या तोंडाने मुंबईला फोटो धाडला. दहा मिनिटांत फोन आला. गिऱ्हाईक आनंदाने वेडं झालं होतं. लोकांनी चित्रावर स्वतःचं आयुष्य लिहिलंय, असं काहीबाही बोलत त्याने भाव दुप्पट केला. माझं तर हसू आवरेना. पेंटरने दुपारभरात जे लिहिलं, त्याचीच किंमत वाघाएवढी झाली होती.

नितीन आता बाईंच्या मागे लागला. बदल्यात नवी पक्की भिंत बांधून देतो, वर रोख देतो. बाईंचे यजमान रामदासभाऊ पाघळायला लागले. बाईंनी आम्हाला आधी जेवायला वाढलं, भात, लाखोळीची डाळ आणि अंबाडीची भाजी. मग म्हणाल्या, "भिंत न्या. नाव तेवढं ठेवून जा."

"पण बाई, भाव तर नावामुळेच आलाय."

"मंग नाव कोनाचं आहे? माह्या पोरीचं. तिले इचारून पाहा."

प्रणाली सासरहून फोनवर आली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "दादा, माह्या गावात माह्या नावाची तेवढी एकच जागा आहे. शेत भावाच्या नावावर, घर बाबाच्या नावावर. भिंत काऊन नेता?"

  नितीन फोनवर तिला एवढंच म्हणाला, "राहू दे ताई, नाही नेत." बाहेर जाऊन त्याने मुंबईला नकार कळवला आणि गाडीत येऊन बसला. परतीच्या वाटेवर तो एका खड्ड्यालाही काही बोलला नाही.

धंदा बुडाला, आता लग्नही बुडणार, असं धरून आम्ही घरी पोचलो. नितीनने मानसीच्या बाबांना जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मोबाइलवर वाघाचा फोटो मागून दोनदा पाहिला. मग म्हणाले, "त्या नावं रंगवणाऱ्या पेंटरला इकडे बोलवता येईल का?"

पेंटर एसटीने आला. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर आता मोर आहे आणि "मानसी संग नितीन" आहे. तिच्या बाबांनी त्याखाली उभं राहून इतके फोटो काढून घेतले की शेवटी शेजारी विचारायला आले. मुंबईच्या गिऱ्हाइकाला कुठून वास लागला देव जाणे, पण त्याचा परत फोन आला. "विकायची नाही," नितीनने सांगितलं आणि फोन माझ्या हातात देऊन तो मांडववाल्याकडे गेला.

मी मात्र भाव विचारून घेतला. आकडा ऐकल्यापासून मी येता-जाता त्या मोरावरची धूळ पदराने पुसते, आणि कुणी तिथे स्कूटर लावली की भांडायला खाली उतरते.