बथशेबाबाईंना कळतं का?

सिनेगॉगमागच्या आळीत बथशेबाबाईंच्या जिभेला सगळे टरकून असत. स्वयंपाकघरात तर त्यांचंच राज्य! यहुदी धर्माच्या नियमानं दूध आणि मटण एकत्र चालत नाही, म्हणून दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी. नव्या सुनेनं, सारानं, एकदा दुधाच्या वाटीत रस्सा वाढला, तर बाईंनी ती वाटी अंगणात भिरकावली होती.

अशी ही बाई बावन्न साली अर्धांगानं आडवी झाली आणि तिचं नुसतं गाठोडं झालं हो! वाचा गेली, हातपाय गेले. "आता यांना काही समजत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि घरानं ते लगेच मानलं. दोरीवरचे कपडे काढून त्यांच्या पायांवर टाकायचे. त्यांचा मुलगा निसीम त्यांच्या उशाशीच बसून इस्राएलला जायचे बेत करायचा. आईला गव्हाण गावच्या मीठवाल्या वेणूकडे ठेवायचं, हेही तिथंच ठरलं, खणखणीत आवाजात.

साराला कसंसंच व्हायचं. "अहो, मांजर आलं की त्या बघतात."

"कोंबडीसुद्धा बघते," निसीम म्हणायचा.

जायच्या आधी बांधाबांधीच्या घाईत साराचा घोटाळा झाला. मटणाचा रस्सा तिनं दुधाच्या पातेल्यातून आणला. बाई सकाळपासून उपाशी होत्या; वास येताच तोंड उघडलं. मग नजर पातेल्यावर गेली आणि तोंड मिटलं. सारानं चमचा ओठांना लावला, तर दात घट्ट, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

अगं बाई! भूक कोंबडीलाही लागते, पण भांडं चुकलं म्हणून ती काही तोंड मिटत नाही. म्हणजे यांना सगळं कळत होतं. गव्हाणचंसुद्धा! साराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निसीम कचेरीतून आला, तशी ती दारातच ओरडली, "अहो, आईंना सगळं कळतंय! कसं टाकून जायचं त्यांना?"

निसीम दचकला नाही. हात धरून त्यानं तिला अंगणाच्या टोकाशी नेलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "ऐकेल ती."

सारा त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"एवढ्या लांब नेता येत नाही तिला. मग कळत नाही असंच धरायचं ना?"

साराला त्याची किळस आली. पण तिलाही जायचंच होतं. त्या दिवसापासून दोघंही घरात हळू बोलायला लागली, आणि रविवारी वेणूची बैलगाडी आली.